कोपऱ्याच्या प्लॉटवरचा तलाव

आमच्या हेड सर्व्हेयरांना घरी चहाला बोलावणं म्हणजे आपण होऊन अपमान मागवून घेणं होतं. ते यायचे, खुर्चीच्या कडेवर टेकायचे आणि आतून कपबशा वाजायच्या आत विचारायचे, "तुमच्या ह्या घराखाली आधी का होतं?"

भिलाईतल्या मराठी माणसाला हा प्रश्नच कळत नसे. नागपूर, वर्धा, अमरावतीहून आलेलो आम्ही. आमची भिलाई सुरू होत असे ती क्वार्टरच्या अलॉटमेंट लेटरपासून. त्याआधी तिथं काही असेल ही शंका आमच्यापैकी कुणालाही आली नव्हती. कुणी म्हणे, मोकळी जागा असेल. कुणी विनोद करायला जाई, पाया होता साहेब. की ते उठलेच. "ज्याले आपण कोणाच्या जागेवर बसलो हे मालूम नाही, त्याच्या घरचा चहा मी पेत नाही," एवढं बोलून चपला घालत आणि सायकलवर टांग टाकत. माझ्या घरून ते तीनदा असे गेले. चौथ्या वेळी बायकोनं आधण ठेवलंच नाही. म्हणाली, त्यांचा प्रश्न होऊ द्या आधी, मग दूध नासायचं की नाही ते ठरवू.

मला तो माणूस आवडत नव्हता. आता इतक्या वर्षांनी आठवण काढतोय म्हणून आवडायला लागला असंही नाही.

मी पोलाद कारखान्याच्या सर्व्हे विभागात ज्युनियर म्हणून लागलो तेव्हा ते तिथं हेड होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. त्या भागात गावोगावी जुने तलाव आहेत, आणि जगातली माणसं दोनच जातींची असतात, तलाव बांधणारी आणि तलाव बुजवणारी, अशी त्यांची पक्की समजूत होती. आम्ही सगळे अर्थातच दुसऱ्या जातीत. वाळकी अंगकाठी, उन्हानं काळवंडलेली मान, टायरच्या चपला, काळ्या छत्रीवर शिवून घेतलेलं पांढरं कापड. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक त्यांना जरीबवाले साहेब म्हणायचे, कारण तरुणपणी ते मोजणीची साखळी, म्हणजे जरीब, खांद्यावर टाकून त्यांच्याच शेतांतून हिंडले होते. आम्ही त्यांना मागून काय म्हणायचो ते लिहीत नाही.

सेक्टर हा शब्द त्यांनी तोंडातून कधी काढला नाही. सिविक सेंटरला जायचं असलं तर म्हणायचे, धनह्याकडे जाऊन येतो. म्हणजे धानाच्या बांध्यांकडे. तिथं धानाचं एक कणीस उरलं नव्हतं, बँका होत्या, कपड्यांची दुकानं होती, छोले-भटुरे होते. नवा शिपाई त्यांच्या सांगण्यावरून धनहा शोधत दुपारभर फिरला आणि घामाघूम होऊन परत आला, तर त्यालाच बोलणी बसली. "इथलाच आहेस ना तू? तुह्या आज्यानं इथं नांगर धरला अन् तुले जागा सापडून नाही राहिली?" तो बिचारा छत्तीसगढीच होता, पण वाढलेला क्वार्टरमध्ये. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत तोंड घातलं.

थर्मामीटरचं प्रकरण तर साऱ्या कॉलनीच्या चेष्टेचा विषय होतं. नेहरू नगरच्या पुढं, हायवेपासून आत, आम्ही मराठी अधिकारी आणि बाबूंनी मिळून एक हाउसिंग सोसायटी काढली होती. त्यांचाही तिथं कोपऱ्याचा एक प्लॉट होता. सोसायटीच्या मागं गाव आणि गावाच्या तोंडाशी तलाव. मे महिन्यात, कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडलेली असताना, हे गृहस्थ भर बाराला तलावाच्या पारावर आंब्याखाली थर्मामीटर धरून बसत, वहीत आकडा लिहीत, मग सायकल मारत आमच्या गल्लीत येऊन डांबरावर उभे राहत, तिथला आकडा लिहीत. आणि ते एवढ्यावर थांबले असते तर आमची काही तक्रार नव्हती. ते दार वाजवत. झोपमोड झालेला माणूस बनियनवर बाहेर आला की त्याला सांगत, "पारावरच्यापेक्षा तुमच्या दारात चार डिग्री जास्त आहे. झाडं कोणी तोडली इथची?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या दाराकडे.

त्या वहीत आणखी बरंच असायचं. तलावाची कोणती पायरी कोणत्या आठवड्यात उघडी पडली, मोह कधी गळायला लागला, शिंगाड्याची वेल कधी टाकली, थंडीतलं धुकं यंदा किती दिवस पडलं. वीसेक वर्षांच्या वह्या होत्या. एकदा ऑफिसात मी त्यांतली एक उघडून मोठ्यानं वाचून दाखवली, मधे मधे पंचांग सांगणाऱ्या भटजीचा आवाज काढत. सगळे हसले. ते दारात उभे होते. त्यांनी वही माझ्या हातून घेतली आणि म्हणाले, "वाचता येते तुले. समजते कधी ते पाहू."

आमच्या मराठी मंडळानं एका वर्षी व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते, विषय होता वारसा आणि बदलतं हवामान. तेव्हा हे शब्द नवे होते, कानाला भारदस्त लागायचे. प्राध्यापकांनी पडद्यावर किल्ले दाखवले, लेणी दाखवली, नंतर कुठल्याशा दूरच्या देशातला बर्फ वितळताना दाखवला. पृथ्वी तापत चालली आहे, वारसा म्हणजे नुसते दगड नव्हेत, माणसानं पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली सगळी भूमीच वारसा असते, असं त्यांनी फार सुंदर मराठीत सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मी मंडळाचा सचिव होतो आणि आभार मलाच मानायचे होते.

आमचे साहेब मागच्या रांगेतून उठले. त्यांनी प्राध्यापकांना काही विचारलं नाही. ते आमच्याकडे वळले.

"मागचा तलाव यंदा कोणत्या महिन्यात आटला?"

सभागृहात सव्वाशे माणसं असतील. तलाव तिथून हाकेच्या अंतरावर. दर वर्षी आमचे गणपती त्यात बुडत होते. एकालाही सांगता आलं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, उन्हाळ्यातच आटला असेल ना साहेब. तेव्हा ते म्हणाले, "चैत्रात आटला. आधी जेठापर्यंत राहत होता. जग तापून राहिलं हे तुमाले तिकिटाचे पैसे देऊन बाहेरून माणूस बोलावून ऐकावं लागते. मागची खिडकी उघडली असती तरी चाललं असतं." आणि निघून गेले. प्राध्यापक भले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, तो तलाव मला दाखवाल का? मी म्हटलं, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी सकाळची होती हे मला माहीत होतं.

आता तलावाविषयी सांगतो. मला जे कळलं ते फार उशिरा, आणि त्यांच्या तोंडच्या शिव्यांतून कळलं. चारी बाजूंनी पार, म्हणजे मातीचा बांध, पारावर आंबे आणि एक वड. एक घाट बायकांचा, एक पुरुषांचा, एक उतार ढोरांचा. वरच्या माळावरून पाणी आणणारी एक चारी, जादा पाणी खालच्या शेतांत सोडणारी दुसरी. मधोमध सालवृक्षाच्या लाकडाचा एक खांब. आम्हाला वाटायचं, पाण्याची उंची पाहायला कुणी रोवला असेल. तो लग्नाचा खांब होता. त्या भागात तलावाचं लग्न लावतात. ते लागल्याशिवाय त्याचं पाणी देवाला चालत नाही. काठावर एक म्हातारी केवटीन राहायची. केवट म्हणजे नाव चालवणारे, मासे धरणारे लोक. सगळं गाव तिला दाई म्हणायचं. तलावात शिंगाड्याची वेल लावणं, शिंगाडे काढणं, उकडून हायवेवर विकणं हा तिच्या घरचा वहिवाटीचा धंदा. भिलाईतल्या मोजून एका घरी आमचे साहेब प्रश्न न विचारता चहा घेत, ते हिच्या.

हा तलाव आम्हाला हवा होता. मंडळाला सांस्कृतिक भवन बांधायचं होतं. नाटकं, हळदीकुंकू, मुंजी, व्याख्यानं, सगळ्याला हक्काची जागा. आपली मुलं घरातसुद्धा हिंदी बोलायला लागली, भवन झालं की मराठी टिकेल, असं अध्यक्ष प्रत्येक सभेत सांगत आणि सांगताना त्यांचा गळा भरून येई. संस्कृती टिकवायला एक एकर सपाट जागा लागते, आणि आमच्या जवळपास सपाट करता येण्यासारखी तेवढीच होती. कचेरीत अर्ज करायचा, तर जागेचं वर्णन हवं. मी सर्व्हेतला माणूस. मी रविवारी एक चक्कर मारली, पारावर उभा राहून एक सिगरेट ओढली आणि अर्जासोबतच्या नकाशावर स्वच्छ हिंदीत लिहिलं, 'निचली पड़त भूमि, गड्ढा.' पडीक सखल जमीन, खड्डा. ज्येष्ठ लागला होता, पाणी नव्हतं. लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

अर्जाची प्रत साहेबांच्या हाती कशी पडली कोण जाणे. ते माझ्या टेबलाशी आले, कागद समोर ठेवला आणि विचारलं, "हे अक्षर तुहं आहे?"

मी हो म्हटलं आणि वाट पाहू लागलो. ऑफिसातल्या सगळ्यांच्या माना इकडे झाल्या होत्या. पण ते समोरच्या स्टुलावर बसले. पहिल्यांदाच कडेवर नाही, नीट बसले.

"मी इंग्रजीत 'डिप्रेशन' लिवलं होतं, म्हणजे खड्डाच," ते म्हणाले. "रसमड्याच्या बाजूले. एका खासगी कारखानदाराची जागा सुट्टी काढून मोजून दिली होती. दोन तलाव होते त्यात. एकाच्या घाटावर बाया पाणी भरून राहिल्या होत्या. मी दुर्बिणीतून त्याईच्याकडे पाहत होतो अन् हातानं लिवत होतो, डिप्रेशन."

मी म्हटलं, "मग साहेब, तुमी आमाले कावून बोलता इतकं?"

"तू निदान हिंदीत लिवलं," ते म्हणाले. "त्याईले वाचता तरी येईन."

त्यानंतर त्यांनी रजा काढली आणि भर उन्हात महिनाभर तो तलाव मोजला. एकट्यानं नाही, गावातले चार जण पट्टी धरायला आणि दाई प्रत्येक जागेचं नाव सांगायला. असा नकाशा मी पुढं नोकरीभर पाहिला नाही. प्रत्येक पायरी, दोन्ही चाऱ्यांचा उतार, प्रत्येक झाड आणि ते कुणाच्या आज्यानं लावलं ते. कुठल्या घाटावर मयताची आंघोळ होते, भोजली कुठं बुडवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या बाया टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर वाजतगाजत तलावात सोडतात, तीच भोजली. नकाशा घेऊन ते मंडळाच्या सभेत आले आणि तासभर बोलले. शिवी एकही नाही. त्या एका दिवशी त्यांनी आम्हाला माणसात धरलं. पाणी गेलं तर गावाच्या विहिरींचं काय होईल, आमच्या बोअरचं काय होईल, दुपारची गल्ली किती तापेल, सगळं वह्यांतले आकडे दाखवत सांगितलं. शेवटी म्हणाले, ह्या तलावाचं लगन झालं आहे, याले तुमी बुजवू नका.

लग्न म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मी सचिव म्हणून हसू आवरलं, पण आवरताना माझे खांदे हलत होते आणि ते त्यांनी पाहिलं.

अध्यक्ष उठले. नकाशाकडे कौतुकानं पाहत म्हणाले, ही कला आहे. ह्याची चांगली फ्रेम करून आपण भवनाच्या दर्शनी भागात लावू, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल इथं केवढा वारसा होता. या सूचनेला टाळ्या पडल्या. दाईसाठीही त्यांनी सोय काढली होती. भवन झाल्यावर झाडलोटीला बाई लागणारच होती.

साहेब नकाशा गुंडाळत राहिले. फार नीट, कडा जुळवत. "तुमी लोक पुसता अन् मंग फ्रेम करता," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर बुलडोझर आला. आंबे पडले, वड राहिला, कारण वडाला हात लावायला ड्रायव्हर तयार होईना. मधला खांब गावकऱ्यांनी आदल्याच दिवशी उपटून नेला होता. वैशाखात जागा सपाट झाली आणि भूमिपूजनाचा मंडप पडला.

त्याच वैशाखात साहेबांनी आपल्या कोपऱ्याच्या प्लॉटवर खणायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, म्हातारा शेवटी घर बांधतोय. पायासाठी एवढा खड्डा कशाला, म्हणून मी पाहायला गेलो, तर चारी बाजूंनी पार रचलेला, एका बाजूला पायऱ्या, एका बाजूला उतार. साठ बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये साठ बाय चाळीसचा तलाव. घराला वीतभर जागा सोडलेली नाही. बायको वारलेली, मुलगा नाशकाला. स्वतःसाठी त्यांनी गावात दाईच्या शेजारची एक खोली घेतली होती.

सोसायटीनं नोटीस दिली. डास होतील, शेजारच्या भिंतींना ओल येईल, प्लॉट निवासासाठी दिलेला आहे. नोटीस मीच लिहिली. त्यांनी उत्तर पाठवलं की निवासासाठीच वापरतो आहे, कोण राहील हे सोसायटीनं विचारू नये. मग एक दिवस गावातले लोक ढोल वाजवत खांब घेऊन आले आणि त्या टीचभर डबक्याच्या मधोमध त्यांनी तो रोवला. आमच्या बायका गच्च्यांवरून पाहत होत्या. मी दाईला विचारलं, आता ह्याचंही लग्न लावणार का? माझ्या बोलण्यातली खोच तिच्यापर्यंत पोचलीच नाही. ती म्हणाली, "बिहाव तो होगे हे बाबू, घर भर बदले हे." लग्न तर झालेलंच आहे, फक्त घर बदललं.

वरची चारी बुजलेली. त्यात पाणी टिकणार नाही हे मला कळत होतं, आणि मला उतार शिकवले ते त्यांनीच. मी तसं त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "पाणी दिवाळीपर्यंत राहीन. दिवाळीपर्यंत तर दिवाळीपर्यंत."

पावसाळ्यात ते भरलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाच्या बाया भोजलीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन, गात गात, आमच्या सिमेंटच्या रस्त्यावरून, आमच्या मारुती गाड्यांच्या मधून त्या प्लॉटवर आल्या. ओळीनं पायऱ्या उतरायच्या, टोपली बुडवायची, दुसरीला वाट द्यायची. जागा इतकी कमी की रांग हायवेच्या वळणापर्यंत गेली होती. साहेब पारावर छत्री घेऊन उभे होते. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेव्हाच.

मग आमचे गणपती आले. विसर्जन कुठं करायचं हा प्रश्न त्या दहा दिवसांत कुणालाही पडला नव्हता. वर्षानुवर्षं मागच्या तलावात करत होतो आणि तो आपणच बुजवला आहे ही गोष्ट सव्वाशे सुशिक्षित माणसं चक्क विसरली होती. अनंत चतुर्दशीला सकाळी आठवण झाली. शिवनाथ नदीवर न्यायचं ठरलं, ट्रक सांगितला. दुपारी निरोप आला की नदीला पूर आहे, पोलिसांनी घाट बंद केला आहे. पाऊस पडत होता. मूर्ती प्लॅस्टरची, माणसापेक्षा उंच. त्या वर्षी भवनाच्या आनंदात आम्ही मुद्दाम मोठी आणली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मिरवणूक कोपऱ्याच्या प्लॉटपुढं येऊन थांबली. अध्यक्ष पुढं, भिजलेल्या धोतरात. मी मागं, झांजा हातात. साहेबांनी पारावरून आमच्याकडे पाहिलं. त्यांना किती आनंद झाला असेल याची मला कल्पना आहे. वीस वर्षांचा हिशेब चुकता करायला देवानं स्वतः ट्रकमध्ये बसून यावं, याहून अधिक काय हवं माणसाला.

अध्यक्षांनी हात जोडले. साहेब म्हणाले, "मले नका विचारू. पाणी दाईचं आहे. तिले विचारा."

दाई पायरीवर बसली होती. अध्यक्षांनी तिच्यापुढं हात जोडले. झाडलोटीची नोकरी देऊ केलेल्या बाईला आता काय म्हणून हाक मारावी हे त्यांना सुचेना. शेवटी माताजी म्हणाले. आपल्या मोडक्या हिंदीत परवानगी मागितली. सगळे थांबले. ढोलही थांबला. साहेब तिच्याकडे टक लावून पाहत होते आणि ती काय बोलणार हे जणू त्यांना पाठ होतं.

दाई उठली. पदर सारखा केला. "भगवान ला कोन रोकही साहेब," ती म्हणाली, "ले आनव." देवाला कोण अडवणार, घेऊन या.

आम्ही जयजयकार केला. मला मात्र आमच्या हेडसाहेबांचा चेहरा दिसला. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर आमच्यासाठीही कधी पाहिला नव्हता. ते तिच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नाही म्हणायचं होतं ना, दाई. एकदा तरी नाही म्हणायचं होतं." एवढ्या शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट कशी समजत नाही, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते छत्री न उघडता पावसात निघून गेले.

मूर्ती बुडाली नाही. पाणी छातीइतकं, मूर्ती त्याहून उंच. आम्ही आठ जणांनी ढकलून पाहिली, तिरकी करून पाहिली. खांद्यापासून वरचा गणपती बाहेरच राहिला. अंधार पडायला लागला तसे एकेक जण घरी गेले. अध्यक्ष म्हणाले, विरघळेल. प्लॅस्टर विरघळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते सिमेंटच्या कारखान्यातच नोकरी करत होते.

पाऊस संपला. पाणी उतरायला लागलं. आधी सोंडेचं टोक दिसलं, मग पोट, मग आसन. रंग ओघळून चेहऱ्यावर पट्टे उमटले. प्लॉट कोपऱ्याचा, सोसायटीतून बाहेर पडायचा रस्ता तोच. रोज सकाळी आठला आम्ही सगळे ड्यूटीवर निघायचो आणि त्या वळणावर प्रत्येकाची स्कूटर जरा जोरात जायची. मंडळानं ठराव केला की मूर्ती गुपचूप उचलून नदीवर न्यावी. ट्रक गेला तर साहेब पारावर बसलेले. "हात लावू नका," म्हणाले. "तिनं जागा दिली आहे. आता तो इथं राहीन. तुमी येताजाता पाहा." ट्रक परत आला.

दिवाळीच्या आधी पाणी संपलं, त्यांनी सांगितलं होतं तसंच. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या आणि त्या भेगांत तो गणपती बसून राहिला. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी नवे कपडे घालून अध्यक्षांकडे फराळाला निघालो होतो. वळणावर पाहिलं, तर गावाच्या हातपंपापासून प्लॉटपर्यंत ओला पट्टा उमटलेला. दाई डोक्यावर घागर घेऊन पायऱ्या उतरत होती आणि मूर्तीच्या डोक्यावरून हळूहळू पाणी सोडत होती. बुडवलेल्या देवाला कोरडं ठेवू नये एवढंच तिला कळत होतं, आणि तो पूर्ण भिजेपर्यंत ती थांबणार नव्हती. जन्मात देवळाची पायरी न चढलेले आमचे हेड सर्व्हेयर तिच्यामागून येत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, चिखलात पाय रुतत होते. वय झालेलं, दर चार पावलांवर थांबत होते.

माझी स्कूटर आपोआप हळू झाली. त्यांनी मान वर करून पाहिलं. सणाचा दिवस, म्हणून मी हँडलवरचा हात काढून त्यांना नमस्कार केला. त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते. मी गिअर बदलला आणि फराळाला गेलो.